खोल वाफ्यांबाबत तक्रार

तक्रारदार: प्रस्तुत लेखक. धंदा, अर्ज लिहिणे. बसण्याची जागा, कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातील कचेरीबाहेर शिरीषाच्या झाडाखाली, स्वतःच्या टेबलावर. राहणार मोरिवली.

ज्यांच्याविषयी तक्रार आहे ते: कराचीहून कॅम्पात आलेले एक सिंधी वृद्ध गृहस्थ. नाव मुद्दाम देत नाही. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणत असे.

काळ: फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत माणसे भरली, तिथपासून आजपर्यंत. नेमक्या तारखा देऊ शकत नाही. तारखा कचेरीच्या कागदांवर असतात, आणि ते कागद कचेरीत राहतात.

साक्षीदार: पहिल्या, दादांच्या पत्नी, ज्यांना सारी बराक अमां म्हणते. दुसरा, शेजारचा बिस्किटवाला. तिसरा, बदलापूरकडचा एक शेतकरी, ज्याने दादांना त्याच्या बांधावरची माती खाताना समक्ष पाहिले. चौथे साक्षीदार म्हणून सुरूचे कुंपण दाखवता आले असते, परंतु झाडांची साक्ष कोठेही ग्राह्य धरत नाहीत.

तक्रारीचे स्वरूप पुढे येईलच. माझ्या अनुभवाप्रमाणे ज्या अर्जात तक्रार पहिल्याच ओळीत येते तो अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. परीक्षेच्या सुमारास घरात अडचण आल्यामुळे दाखला मिळाला नाही, पण माझ्या मसुद्यावर आजवर कोणत्याही कारकुनाने पेन्सिल फिरवलेली नाही. कॅम्पात माणसे आली तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि लिहून देणारा कोणी नव्हता. कोणाची आई दुसऱ्या कॅम्पात गेलेली, कोणाच्या बराकीचे पत्रे उडालेले, कोणाला नळ दूर. सगळ्यांची दुःखे मी अर्जाच्या साच्यात बसवली. हे काम दिवसभर केले की माणूस संध्याकाळी बोलत नाही. मोरिवलीला घरी गेल्यावर बायको विचारी, "आज काय झालं?" आणि माझ्या तोंडून उत्तर येई, "वरीलप्रमाणे."

अशा एका दुपारी दादा माझ्या टेबलापाशी आले. उंच, वाकलेले, पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. लोक येतात ते रडत येतात, नाहीतर भांडत येतात. हे गृहस्थ उजव्या हाताचे एक बोट ओले करून वर धरून आले.

"मुन्शी," ते म्हणाले, "कचेरीला लिही. वारा कोणत्या बाजूने येतो ते लेखी पाहिजे."

त्यांचे मराठी असेच होते. कराचीत त्यांच्या हाताखाली रत्नागिरीकडचे दोन गडी होते, त्यांच्याकडून ते शिकले होते. मधूनमधून हिंदी आणि सिंधी येई, पण अर्थ अडत नसे.

मी विचारले, "वाऱ्याचं कचेरीला काय काम?"

"माझं आहे. बाग करायची आहे. मला वाटतं पश्चिमेकडून येतो. पण मी परका माणूस. लेखी असलं तर बरं."

मी लिहिले. तसा अर्ज मी त्यापूर्वी लिहिला नव्हता आणि त्यानंतरही लिहिला नाही. तो दुसऱ्याच दिवशी परत आला, कारकुनाने तोंडीच सांगितले की हे काम वेधशाळेचे आहे. दादांनी मान हलवली. "म्हणजे यांना पण माहीत नाही," ते म्हणाले, आणि पश्चिमेला कुंपणासाठी चर खणायला गेले.

येथे त्यांच्या पेशाची माहिती देणे भाग आहे. कराचीत समुद्राच्या काठी बंगले होते. त्या बंगल्यांभोवती बागा आखून देण्याचे काम दादा करीत. तिथे पाऊस नावापुरता, माती खारी, आणि समुद्रावरचा वारा वर्षभर चालू. असा वारा पानांवर मीठ आणून टाकतो आणि पान कडेने जळत जाते. म्हणून तिथली रीत अशी की, आधी वाऱ्याच्या बाजूला दाट कुंपण उभे करायचे, बाहेरून सुरू आणि आतून मेंदी. मग आतले वाफे वाटेपेक्षा खोल घ्यायचे. खोल वाफ्यात दिलेले पाणी इकडेतिकडे जात नाही, आणि रोपाचे डोके वाऱ्याच्या खाली राहते. दादांचे यावर एक वचन होते, ते त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले की मी ते अर्जात घालावे असे त्यांना वाटत असावे. "वारा चोर आहे, पाणी पाहुणा आहे. चोराला दार बंद, पाहुण्याला खोल जागा."

बराकीच्या समोर पश्चिमेला एक लांबट पट्टी रिकामी होती. लष्कराच्या वेळचा मुरूम, त्यात फुटक्या बाटल्या आणि गंजलेले खिळे. दादांनी ती निवडून साफ केली. वसईकडच्या ओळखीच्या माणसाकडून सुरूची रोपे आणली. कल्याणच्या खाडीवरून शिंपले आणून वाटेवर अंथरले. आणि वाफे खणले, खोल, कडा दाबून गुळगुळीत केलेल्या, एखाद्या जेवणाच्या ताटासारख्या. त्यात गुलाब, मोगरा आणि बैठा झेंडू. लोक नळावर रांगेत उभे असताना दादा दोरी लावून वाफ्याची कड सरळ आहे का ते पाहत. शेजारच्या बिस्किटवाल्याने एकदा त्यांना विचारलेले मी स्वतः ऐकले.

"दादा, समुंदर तो उधर रह गया. तुमची ही भिंत इधर कोणाला थांबवते?"

"तुझ्या भट्टीचा धूर," दादा म्हणाले.

बिस्किटवाला सिंधमधल्या सक्कर गावचा. तिथून येताना त्याने फक्त बिस्किटांचे साचे आणले होते, अंथरूण नाही. बराकीच्या मागे त्याची लहानशी भट्टी होती आणि त्याला मोठी करायची होती. त्याचा डोळा त्या पट्टीवर होता आणि तो ते लपवीत नसे. त्याच्यात दुष्टपणा नव्हता. सकाळी ताजी बिस्किटे दादांना देई आणि देतानाच म्हणे, "भट्टी इथे आली की आणखी गरम मिळतील."

दादांच्या सवयी सांगतो. कोणत्याही नव्या जागी गेले की ते खाली वाकत, चिमूटभर माती उचलत आणि जिभेवर ठेवत. थोडे थांबत, मग थुंकत. ज्यांना माहीत नव्हते त्यांना हे पाहून किळस येई किंवा दया येई. ते मिठाचा अंदाज घेत होते. तसेच रोज तिसऱ्या प्रहरी, पश्चिमेकडून थोडी हवा आली की, सुरूच्या शेंड्यावरून बोट फिरवून ते चाटून पाहत. मी विचारी, "आज?" ते म्हणत, "नाही." हवा समुद्राची आहे यावर त्यांचा विश्वास होता, फक्त मीठ वाटेत कोठेतरी गळून जाते असे त्यांचे म्हणणे होते. "कल्याणला उतरतं," ते एकदा म्हणाले, एखाद्या प्रवाशाविषयी सांगावे तसे.

एकदा मला एका अर्जावर सही घेण्यासाठी बदलापूरच्या पुढे जावे लागले. दादा बरोबर आले, त्यांना कुंपणासाठी निरगुडीचे दांडके पाहायचे होते. भाताच्या खाचरांच्या बांधावरून आम्ही चाललो होतो. दादा वाकले आणि माती तोंडात घातली. शेताचा मालक तिथेच शेतात उभा होता. तो जवळ आला आणि थोडा वेळ बघत राहिला.

"काय रं बाबा," तो म्हणाला, "उपास हाय का? माती कशापायी खातोस? घरात भाकर हाय, मागितली तर देऊ की."

मी त्याला समजावून सांगितले की हे गृहस्थ उद्यानशास्त्राचे जाणकार असून मातीचा कस पाहत आहेत. त्याने मान हलवली, पण भाकर आणायला पोराला घरी पाठवलेच.

दादा बांधावर बसले. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?" मी विचारले.

"मीठ नाही," ते म्हणाले. "जरा पण नाही. गोड माती आहे."

"मग चांगलंच की."

"चांगलं आहे," ते म्हणाले, आणि भाकर आली तेव्हा ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. चांगली माती पाहून दुःखी होणारा बागवाला मी दुसरा पाहिला नाही. त्या वेळी मला याचा अर्थ लागला नाही, आणि लागला नाही हे मी त्यांना दाखवलेही नाही.

आता वाफ्यांविषयी. आपल्याकडचा आषाढ कसा असतो हे वाचकांना सांगण्याचे कारण नाही. त्या पावसात दादांचे वाफे भरले. एकेका वाफ्याचे डबके झाले, वाटेवरचे शिंपले वर आणि झाडे खाली. गुलाबाची मुळे कुजली, झेंडू आडवा झाला, मोगऱ्याची पाने पिवळी पडून पाण्यावर तरंगू लागली. अमां दाराशी बसून त्याच पाण्यात भांडी घासू लागल्या. नळ दूर होता आणि हे पाणी दाराशी. बिस्किटवाला छत्री घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, मछली कब डालोगे?"

दादा दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "या वर्षी पाऊस चुकला."

पुढच्या वर्षीही पाऊस चुकला. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी दिवाळीनंतर ते वाफ्यांच्या कडा पुन्हा घासून सरळ करीत, नवी रोपे लावीत, उन्हाळाभर बाग अशी दिसे की कचेरीतले साहेब सायकल थांबवून पाहत, आणि पावसाळ्यात ती बुडे. कॅम्पात ही गोष्ट इतकी रुळली की पाऊस किती झाला ते लोक दादांच्या वाफ्यांवरून सांगू लागले.

वाफे उंच करा, हे त्यांना सांगितले नाही असा एकही माणूस कॅम्पात नसेल. मी सांगितले. बिस्किटवाल्याने सांगितले. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांनी सांगितले. इथे कोणाचेही शेत पाहिले तरी कळते की भाजीला, फुलझाडाला गादी उंच लागते आणि मधून चर. मी तर एकदा टेबलावरच कागदावर आकृती काढून दाखवली. दादांनी कागद पाहिला, माझी चरांची रेघ बोटाने थोडी वाकडी केली आणि म्हणाले, "उतार इकडे आहे. पाणी असं जाईल."

म्हणजे त्यांना माहीत होते. माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

"मग करत का नाही?" मी विचारले.

दादा उठले आणि नळावर गेले.

यानंतर कचेरीचा हुकूम निघाला. बराकींसमोरच्या मोकळ्या पट्ट्या रहिवाशांच्या नावावर करून मिळतील. ज्याला हवी त्याने अर्ज करावा, आणि अर्जात लिहून द्यावे की आपण येथे कायमचे राहणार आहोत. अर्ज नसलेल्या पट्ट्या साफ करून धंदेवाल्यांना देण्यात येतील. हुकूम भिंतीवर लागला त्याच सकाळी बिस्किटवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मुन्शीजी, दादा अर्ज करणार की नाही? करणार असतील तर मी दुसरी जागा पाहतो. नसतील तर माझा लिहा."

मी दादांकडे गेलो. अमांनी रीतीप्रमाणे पापड आणि पाणी पुढे ठेवले. सिंधी घरात पाहुण्याला पाणी द्यायचे तर पापड आधी. मी पापड मोडला आणि मसुदा वाचला. उत्तम मसुदा होता. ‘अर्जदार हा सिंध प्रांतातून विस्थापित होऊन सदर ठिकाणी सहकुटुंब राहत असून यापुढेही कायमचा राहणार आहे’ इथपर्यंत आलो आणि दादांनी हात वर केला.

"हे काढ."

"काय काढू?"

"यापुढे, ते."

"दादा, तेच तर कचेरीला पाहिजे. बाकी सगळी सजावट आहे."

"लिही की अर्जदार बाग करतो. बागेचं लिही. कुंपणाचं लिही. चार वर्षांत सुरू एवढे उंच झाले, लिही."

मी दुसरा मसुदा केला. त्यात बाग घातली आणि ‘सध्या’ हा शब्द घातला. कारकुनाने पाहून परत दिला. तिसरा केला, त्यात ‘दीर्घकाळ’ लिहिले. तोही चालेना. मुदत जवळ येत होती. तिसऱ्या वेळी मी दादांकडे गेलो तेव्हा माझा धीर सुटला होता.

"दादा, एका ओळीसाठी बाग घालवता? या ओळीने तुमचं काय जातं?"

ते वाफ्याच्या कडेवर बसले होते, पाय खाली वाफ्यात.

"मुन्शी, हा वाफा भरून उंच करायला किती वेळ लागतो?"

"एक दिवस."

"एक दिवस," ते म्हणाले. "पण मग मी इथला झालो. खोल आहे तोवर हा कराचीचा वाफा आहे. पावसात बुडतो, ठीक आहे, परदेशात कोण नाही बुडत. तू लिहितोस ती ओळ आणि हा वाफा, एकच गोष्ट आहे."

मी काही बोलणार तोच आतून अमां बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता, त्यात पुदिना. हा पुदिना मी नेहमी दारात पाहत आलो होतो.

"मुन्शी, याला विचार," त्या म्हणाल्या, "कराचीत याची बाग कुठे होती?"

"अमां, बस कर," दादा म्हणाले.

"विचार ना. मोठमोठ्या साहेबांच्या बागा. त्यांची गुलाबं, त्यांची कुंपणं. आणि आपण कुठे? तिसऱ्या मजल्यावर, गल्लीत, खिडकीत उभं राहिलं तर समोरच्याची चूल. आमची बाग म्हणजे हा पुदिना. एक डबा." त्यांनी तो खाली ठेवला. "हा माणूस कशासाठी रडतो मला सांग. तिकडे याची एक वीत जमीन नव्हती. याच्या आयुष्यातली पहिली बाग ही आहे. आणि दर वर्षी स्वतःच्या हाताने बुडवतो."

बिस्किटवाला तिथेच कुंपणाआड होता, त्यानेही ऐकले असणार, कारण तो खोकला आणि निघून गेला.

दादांनी डब्यातले एक पान तोडले, चुरगळले, वास घेतला. "डबा पण मीच आणला होता," ते एवढेच म्हणाले.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला निरोप पाठवला: काम बंद ठेवून ये, साक्षीदार पाहिजे. मला वाटले सही करायची असेल. मी शाई आणि टाक घेऊन गेलो. वैशाखाचे ऊन होते. दादा सदरा काढून कुदळ घेऊन उभे होते. मला त्यांनी दाराच्या सावलीत अमांशेजारी बसवले आणि कामाला लागले.

वाफ्यांतली रोपे त्यांनी आधी मुळाच्या मातीसकट काढून सावलीत ठेवली, आणि वाटेवरचे शिंपले घमेल्यात भरून बाजूला ठेवले. मग वाट खणली. वाटेची माती काढून वाफ्यांत टाकली. खोल जागा भरत गेली, मग जमिनीच्या बरोबर झाली, मग वर येऊ लागली. जिथे वाट होती तिथे चर झाला आणि जिथे खड्डा होता तिथे गादी. सगळी बाग उलटी करून ठेवल्यासारखे ते दिसत होते. मदतीला मी उठलो तर त्यांनी हातानेच बसायला सांगितले. बिस्किटवाला आला, बघितले, आणि एक घमेले उचलून माती टाकू लागला. त्याला दादांनी अडवले नाही. ज्या माणसाला ती जागा हवी होती तोच ती भरून देत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अमां पुदिना निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

संध्याकाळी रोपे गादीवर परत लावली आणि काम संपले. दादांनी गादीच्या टोकावरून चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. मी वाट पाहिली. या वेळी ते थुंकले नाहीत.

"गोड आहे," ते म्हणाले. "आण तुझा कागद."

त्यांनी सिंधीत, उजवीकडून डावीकडे, सही केली. मी साक्षीदार म्हणून माझी केली. बिस्किटवाल्याने दुसरा साक्षीदार म्हणून अंगठा दिला, कारण त्याला सही येत असली तरी हात मातीने भरलेले होते आणि मातीच्या हाताला अंगठा सोपा, असे त्याचे म्हणणे पडले.

त्या पावसाळ्यात बाग बुडाली नाही. पाणी चरांतून गेले, दादांनी कागदावर रेघ वाकडी केली होती बरोबर त्याच बाजूने. श्रावणात मोगऱ्याचा वास नळाच्या रांगेपर्यंत येत असे आणि रांगेतली भांडणे थोडी कमी होत, असे मी लिहिले तर अतिशयोक्ती होईल, परंतु बायका तसे म्हणत. पश्चिमेचे कुंपण दादांनी ठेवले. शेंड्यावरून बोट फिरवणे मात्र बंद झाले. मी सवयीने विचारी, "आज?" तर ते म्हणत, "आज चर साफ केला."

अर्जाचे उत्तर आले नाही. चौकशी केली तर सांगत, विचाराधीन आहे. वर्ष गेले, दुसरे गेले. दादा आता वाकून जास्त चालू लागले होते. बाग वाढत होती.

मग त्यांच्या मुलाचे पत्र आले. तो इतकी वर्षे अजमेरला होता. कच्छमध्ये नवे बंदर होत होते, तिथे त्याला काम आणि राहायला घर मिळाले. त्याने आई-वडिलांना बोलावले. कच्छचे वर्णन त्याने केले होते ते दादांनी वाचून मला त्याचा अर्थ सांगितला: पाऊस नाही, माती खारी, वारा दिवसरात्र समुद्राचा, घरापुढे मोकळी जागा.

बिस्किटवाल्याला फार आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. "दादा, ही तर तुमची कराची. बसल्या जागी मिळाली. कुंपण, खोल वाफे, सगळं तिथे चालेल. आम्ही इथे तुम्हाला उगीच त्रास दिला."

दादा म्हणाले, "आत्ता तर उंच केले."

एवढेच. पुन्हा म्हणाले नाहीत. अमांचे सामान आधीच बांधून झाले होते, त्यांचा एकुलता मुलगा होता आणि त्या थकल्या होत्या. पुदिन्याचा डबा त्यांनी कापडात बांधून स्वतःच्या मांडीवर घेतला. निघताना दादांनी मला बोलावले. बागेविषयी काही लांबलचक सूचना देतील असे मला वाटले होते, मी कागदही घेतला होता. ते म्हणाले, "चरात पाणी थांबू देऊ नको," आणि टांग्यात बसले. गादीवरची मूठभर माती त्यांनी रुमालात घेतली की नाही हे मला पाहता आले नाही. बिस्किटवाला म्हणतो घेतली. तो असे पुष्कळ म्हणतो.

आता तक्रार.

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी कचेरीचा कागद आला. अर्ज मंजूर आहे. पट्टी अर्जदाराच्या नावे करण्यात येत आहे, मात्र अर्जदार प्रत्यक्ष तेथे राहत असल्याचा खुलासा करावा, न केल्यास मंजुरी रद्द होईल. कागद माझ्याकडे आला, कारण पत्ता मीच माझा दिला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. खुलासा लिहिणे हे माझे काम आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काय लिहावे ते कळत नाही.

बाग मी सांभाळतो. मोरिवलीहून लवकर निघून आधी पाणी घालतो, मग टेबल लावतो. बायको म्हणते, "दुसऱ्याची बाग आणि स्वतःची कंबर." कंबर दुखते हे खरे आहे. बिस्किटवाला एक दिवसाआड मला मदत करतो, आणि पाणी घालतानाच भट्टी कोठे बसेल ते पावलांनी मोजतो. त्याची मुलगी लग्नाची झाली आहे, त्याला धंदा वाढवणे भाग आहे. त्याचा अर्जही मीच लिहून ठेवलेला आहे, दोन्ही कागद एकाच खणात आहेत.

दादांना मी पत्र घातले. उत्तर नाही. पुन्हा घातले. अमांकडून कोणाबरोबर तरी निरोप आला की सगळे ठीक आहे, घरापुढे जागा मोठी आहे, आणि दादांनी खणायला सुरुवात केली आहे. खणायला सुरुवात केली, एवढेच. पुढे काय, ते निरोप्याला माहीत नव्हते. त्याने बाग पाहिली नव्हती, त्याला चहा पाहिजे होता.

सबब, दादा, आपणांस सविनय विनंती की, आपण कच्छ येथे केलेले वाफे खोल आहेत की उंच, ते या तक्रारदारास लेखी कळवावे.

खोल असल्यास, आपण आपल्या ठिकाणी पोहोचलात असे मी समजेन. मग कचेरीला खरे ते लिहीन, आणि बिस्किटवाल्याची भट्टी इथे बसेल. सुरू तोडण्यापूर्वी मी त्याला एक दिवस थांबायला सांगेन, आणि तो थांबेल.

परंतु त्या खाऱ्या मातीत, त्या वाऱ्यात, जिथे कोणीही खोलच वाफे घेईल तिथे आपण सवयीने उंच घेतले असतील, आणि लोक आपल्याला हसत असतील, तर कृपया तसे स्पष्ट कळवावे. तसे असल्यास मी खुलाशात लिहीन की अर्जदार येथेच राहतो. साक्षीदार म्हणून सही करीन, आणि ते खोटे आहे असे मला वाटणार नाही.

उत्तर मृगापूर्वी मिळावे. चर साफ करावे लागतील.